गॅस पकडायचं मशीन

आमच्या संस्थेत एक मशीन आहे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू मिळतं, झेंडूचा हार मिळतो, पेढा मिळतो. बाकीचं वर्षभर ते प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात प्लास्टिक गुंडाळून बसलेलं असतं. आलेल्यागेलेल्याला दाखवायला बरं पडतं.

मी मुलुंडच्या एका प्रशिक्षण संस्थेत फ्रीज-एसीचा ट्रेड शिकवते. या धंद्यात बाई म्हणून टिकायला जी जीभ लागते ती मला बऱ्यापैकी आहे, त्यामुळे संस्थेत माझे मित्र कमी आहेत. आता या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एसीचा पाइप बदलायचा असो की कॉम्प्रेसर उतरवायचा, आतला गॅस आधी काढावा लागतो. तो काढायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे पान्याने नट ढिला करायचा आणि सगळा गॅस आभाळात सोडून द्यायचा. याला वेळ लागत नाही आणि अक्कलही लागत नाही. दुसरी म्हणजे एका लहानशा मशीनने तो ओढून रिकाम्या सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा. जुन्या एसीतला गॅस वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतो आणि पृथ्वीही तापवतो. नव्यातला ओझोनला हात लावत नाही, पण धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कित्येक पट जास्त तापवतो. म्हणून आपल्या देशाने जगापुढे शब्द दिलाय की हे गॅस आम्ही टप्प्याटप्प्याने बंद करू, आणि तोवर जे आहेत ते हवेत सोडणार नाही. त्या शब्दापायी बाहेरून निधी आला, सरकारी योजना निघाली, आणि गॅस पकडायची ही मशिनं ठिकठिकाणी वाटली गेली. त्यातलं एक आमच्या नशिबी आलं.

म्हणजे मशीनच्या नशिबी आम्ही आलो.

ते यायच्या आधी मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे मी तसलं मशीन स्वतः चालवलं. होज, म्हणजे गॅसची रबरी नळी, कुठे जोडायचा, कॉक कुठला आधी उघडायचा, सिलिंडर काट्यावर ठेवून वजन बघत कसं भरायचं आणि पूर्ण भरायच्या आत का थांबायचं, हे सगळं हाताने केलं. हाताने केल्याशिवाय हे काम येत नाही. पोहण्यावरचं व्याख्यान ऐकून कोणी पोहायला शिकत नाही, तसंच आहे. परत येताना मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, आता आपली पोरं नट ढिला करणारी राहणार नाहीत.

मशीन आलं, खोक्यातून निघालं, आणि प्राचार्यांनी ते कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

"अहो मॅडम, हे डेडस्टॉक रजिस्टरला चढलंय," ते म्हणाले. "पोरांच्या हातात दिलं आणि बिघडलं, तर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

"मी देईन."

"तसं नसतं हो."

आमचे प्राचार्य वाईट माणूस नाहीत. आवाज कधी चढवत नाहीत, चहा पाजल्याशिवाय कोणाला जाऊ देत नाहीत. पण सरकारी वस्तूबद्दल त्यांचा एक सिद्धान्त आहे: न वापरलेली वस्तू कधी बिघडत नाही. या सिद्धान्तावर त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि एकही डाग लागू दिला नाही. मग मी फळ्यावर खडूने मशीन काढायचे, बाण दाखवायचे, पोरं वहीत उतरवून घ्यायची. इकडून गॅस येतो, तिकडे जातो. चित्र सुबक आलं की मलाच माझी शिसारी यायची.

दसऱ्याला मात्र मशीन बाहेर यायचं. वर्कशॉपमध्ये आम्ही सगळी हत्यारं मांडतो, पाने, पकडी, ड्रिल, व्हॅक्यूम पंप, आणि मधोमध चौरंगावर हे. पूजेला माझा विरोध नाही. माझे वडील गॅरेजमध्ये फिटर होते, दसऱ्याला आपल्या हातोडीला ते नमस्कार करायचे तेव्हा त्यांचे डोळे भरून यायचे. पण ती हातोडी दुसऱ्या दिवशी पुन्हा लोखंडावर पडायची. आमच्या वर्कशॉपच्या पान्यांवरचं कुंकूही आठवड्याभरात तेलाने आणि हातांनी पुसून जातं. या मशीनवरचं तसंच राहायचं. पुढच्या दसऱ्याला त्यावर नवं लागायचं.

संध्याकाळच्या वर्गाला एक मुलगी आली तेव्हा हे सगळं असं चाललं होतं. हा वर्ग आधीच धंद्यात असलेल्यांसाठी असतो, दिवसा काम करायचं आणि संध्याकाळी येऊन प्रमाणपत्राचा अभ्यास करायचा. ती घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायची, म्हणजे माझ्या घरापासून फार लांब नाही. वडील जालन्याकडून आलेले. अंधेरीच्या एका एसी सर्व्हिसवाल्याकडे ती कामाला होती. काम काय, तर फिल्टर धुणं आणि जेट पंपाने बाहेरची युनिटं धुणं. गॅसचं काम पुरुष करणार आणि हिने पाणी मारायचं.

पहिल्याच दिवशी तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "मॅडम, मला सरळ सांगा. गॅस पकडायचं मशीन इथे आहे ना?"

"आहे."

"चालवायला देणार ना?"

तिने माझं तोंड पाहिलं आणि ती हसली. "म्हणजे वाट लागली."

मग तिने कारण सांगितलं. पवईच्या एका मोठ्या ऑफिस कॉम्प्लेक्सच्या देखभालीत एक जागा निघणार होती. तिथे गॅस हवेत सोडणं बंद करायचं ठरलं होतं, नवं मशीनही घेतलेलं होतं, आणि ते चालवणारा माणूस हवा होता. प्रमाणपत्र दाखवायचं आणि मशीन चालवता येतं असं सांगायचं, एवढीच अट. ही तिथे धुण्याच्या कामाला जाऊन आली होती, तेव्हा कळलं. "तिथे नट ढिला करायचा नाही, व्यवस्थित करायचंय सगळं. आमच्या फर्ममधले म्हणतात, गॅसचं काम बाईला जमत नाही. मला ते काम हाताने करून दाखवायचंय. नुसता कागद नको मला, कागद काय, कोणाकडे पण असतो."

त्या दिवसापासून मी किल्लीच्या मागे लागले. प्राचार्यांना रोज विचारायचे. दुसऱ्या एका संस्थेला फोन केला, तर त्यांचं मशीनही कपाटातच आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. अंधेरीतल्या एका कंपनीत मशीन खरोखर चालायचं, पण बाहेरच्या माणसाला हात लावू देणार नाहीत म्हणाले, काही झालं तर विमा नाही. देशाने दिलेला शब्द अशा किती कपाटांत प्लास्टिक गुंडाळून बसलाय कोण जाणे.

शेवटी प्राचार्य कंटाळले. "ओझोन दिन होऊ दे," म्हणाले. "पाहुण्यांच्या हस्ते मशीनचं रीतसर उद्घाटन करू. उद्घाटन झालं की वापरा खुशाल. परीक्षाही त्याच्यावरच घ्या." मी तिला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःचे जाड रबरी हातमोजे घेऊन आली आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवून गेली.

सप्टेंबरातला तो ओझोन दिन मी कधी विसरणार नाही. आदल्या दिवशीपासूनच माझं डोकं फिरलं होतं. जिन्याजवळ पृथ्वीची रांगोळी, तिच्यावर निळी छत्री. स्टेजवर थर्माकोलचा मोठा गोळा, तोही पृथ्वीच. भिंतीवर पोस्टर स्पर्धेतली पोस्टरं. आणि सभागृहाचा एसी थंड करेना. कंत्राटदाराचा माणूस बोलावला. तो स्टुलावर चढला, खिडकीतून अर्धा बाहेर झुकला, आणि नवा भरण्याआधी स्क्रूड्रायव्हरने व्हॉल्व्हची पिन दाबून जुना गॅस बाहेर सोडायला लागला. बरोबर त्याच खिडकीशेजारी पोस्टर होतं, त्यात एक गोंडस पोरगी ओझोनच्या थराला टाके घालत होती.

"थांबव ते," मी ओरडले. "वर मशीन आहे. आणते मी."

तो खाली वळूनही बघेना. प्राचार्यच धावत आले. "अहो मॅडम, उद्या पाहुणे येणारेत. हॉल थंड नको का? आणि मशीनचं उद्घाटन उद्या आहे. आजच कसं वापरणार?"

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. आत आले तेव्हा हॉल थंड झाला होता आणि सगळे जण समाधानाने रुमाल खिशात घालत होते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सरकारी अधिकारी होते. निवृत्त झाले होते, पण साहेबपणा काही निवृत्त झालेला नव्हता. त्यांनी पृथ्वीमातेवर बरंच बोलून घेतलं. नुसतं बोलले असते तर मी सहन केलं असतं. ती हॉलमध्ये मागे उभी होती, अर्धा दिवस कामावरून सुटी घेऊन आलेली. उद्घाटनानंतर लगेच आम्ही दोघी मशीन वर्कशॉपला नेणार होतो. एक जुना एसी मी टेबलावर तयार ठेवला होता, सिलिंडर काट्यावर चढवून ठेवला होता.

मशीन स्टेजवर आणलं. चौरंग, रांगोळी, हार, पाच पानांचा विडा. पाहुण्यांनी हळदकुंकू वाहिलं. मग त्यांच्या हातात नारळ दिला आणि नारळ फोडायला दगड आणायचाच राहिला होता. शिपाई बागेतल्या विटेसाठी धावला. पाहुण्यांना वेळ नव्हता. त्यांनी नारळ चौरंगाच्या कडेवरच आपटला, तो चांगला फुटला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा त्यांना उत्साह आला. नवीन गाडी घेतली की तिच्या बॉनेटवर नारळाचं पाणी शिंपडतात ना, तसं त्यांनी अख्ख्या मशीनवर ते शिंपडलं. शिंपडलं म्हणणं चूक आहे. ओतलं. मशीनच्या अंगावर हवा खेळायला फटी असतात, आत पंखा असतो, वायरी असतात. पाणी त्या फटींतून आत गेलेलं मी पाहिलं.

मी खुर्चीवरून उठले. "साहेब, एक मिनिट, बटण दाबू नका."

माईक त्यांच्या हातात होता, माझ्या नाही. निवेदिका म्हणाली, "आणि आता मान्यवरांच्या हस्ते," आणि मान्यवरांनी बटण दाबलं.

फट्कन आवाज झाला. हॉलचे दिवे गेले, एसी बंद पडला. अंधारात जळक्या वायरीचा आणि ओल्या नारळाचा असा मिळून एक वास सुटला. तो अजून माझ्या नाकात आहे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, सवयीने. पाहुणे म्हणाले, "लोड जास्त झालेला दिसतो," आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

मागे वळून पाहिलं तर ती जागेवर नव्हती. वर्कशॉपमध्ये गेले. ती त्या तयार ठेवलेल्या एसीजवळ बसली होती, हातमोजे हातात.

"मॅडम, दुरुस्त होईल ना?"

मी मशीन उघडून पाहिलं. आतला बोर्ड काळा पडला होता. "नवा बोर्ड मागवावा लागेल," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"प्राचार्य मागणीपत्र पाठवतील तेव्हा."

दोघींनाही उत्तर माहीत होतं. मागणीपत्र पाठवायचं म्हणजे मशीन बिघडलं हे कबूल करायचं, आणि मशीन कोणी बिघडवलं तर साहेबांनी. ते कोण लिहिणार? संध्याकाळपर्यंत मशीन पुसून, प्लास्टिक गुंडाळून, कपाटात परत गेलं होतं. बाहेरून अगदी झकास दिसत होतं. न वापरता बिघडत नाही या सिद्धान्ताला तडा गेला, पण प्राचार्यांना तो दिसला नाही. किंवा दिसला आणि त्यांनी त्यालाही प्लास्टिक गुंडाळलं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक बाहेरचे. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी विचारलं, "प्रात्यक्षिकाचं मशीन कुठे आहे?" प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये नेऊन कपाटातलं मशीन दाखवलं. मी सांगितलं, हे जळलेलं आहे. परीक्षक माझ्याकडे आणि मग प्राचार्यांकडे पाहून म्हणाले, "उपलब्ध आहे ना? मग झालं. प्रात्यक्षिक तोंडी घेऊ."

बोलाचीच कढी, बोलाचाच भात. एकेकाला आत बोलावून ते गॅस पकडण्याचं इंग्रजी नाव घेऊन विचारत होते, रिकव्हरी म्हणजे काय. पोरं मी लिहून दिलेल्या चार ओळी घडाघडा म्हणत होती आणि पास होऊन बाहेर येत होती. मी दाराशी उभी होते. आपण शिकवलेलं वाक्य इतकं घाण वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

तिची पाळी आली.

"रिकव्हरी म्हणजे काय, सांग."

"सर, व्याख्या येते मला. मशीन चालवता येत नाही."

"व्याख्या सांग, बास."

"सर, पेपरवर काय लिहिलंय? प्रात्यक्षिक. मी काही केलेलंच नाही. मला नापास करा."

परीक्षक आधी हसले. "अगं, नापास व्हायचा कोणी आग्रह धरतं का?"

"मग मशीन दुरुस्त होईल तेव्हा परत घ्या माझी. मी येईन."

"तशी सोय नाही."

प्राचार्यांचा चेहरा पडला. शंभर टक्के निकाल लागला तर पुढच्या वर्षी योजना चालू राहणार होती. मी पुढे झाले आणि म्हटलं, "सर, ती बरोबर बोलतेय. हिची परीक्षा झालेली नाही. कोणाचीच झालेली नाही."

परीक्षक माझ्याकडे आश्चर्याने पाहत राहिले. "मॅडम, तुमचीच विद्यार्थिनी ना? तुम्हीच तिचं नुकसान करता?" आणि त्यांनी तिच्यापुढे चांगले गुण मांडले. इतरांपेक्षा थोडे जास्तच. प्रामाणिकपणाचे असतील.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. मला वाटलं रडेल, पण ती संतापली होती. "मॅडम, हे लोक नापास पण करत नाहीत. नापास केलं असतं तर म्हटलं असतं, यांना फरक तरी कळतो."

मला तिला धीर द्यायला हवा होता. मी दिला नाही, माझ्याकडेच नव्हता. आम्ही कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायलो आणि रिक्षाने घाटकोपरला आलो.

पवईच्या मुलाखतीला ती गेली. माझ्याच वर्गातला आणखी एक जण गेला होता. दोघांकडे सारखाच कागद. देखभालीच्या माणसाने विचारलं, मशीन चालवता येतं का. तो म्हणाला, येतं. ही म्हणाली, पाहिलंय, चालवलेलं नाही, पण कोणी एकदा दाखवलं तर शिकेन. जागा त्याला मिळाली. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी आपली वायफळ काहीतरी बोलले, दुसरी संधी येईल वगैरे. तिला त्यातलं काही पटलं नाही, आणि मलाही.

मग बरेच दिवस फोन नव्हता. परवा दुपारी आला.

"मॅडम, पवईला आहे. त्याच बिल्डिंगला."

"लागलीस तिथे?"

"नाही ओ. आमच्या फर्मला धुण्याचं कंत्राट मिळालंय. सकाळी टेरेसवर पाणी मारत होते. आपल्या वर्गातला तो पण होता वर, एक युनिट उतरवत होता. मशीन बाजूला होतं, नवं कोरं. त्याने ते बघितलं, होज हातात घेतला, परत ठेवला. मग पाना काढला."

"तू काय केलंस?"

"जेट पंप बंद केला म्हणून गॅसची फुसफुस ऐकायला आली. सोडत होता सगळं. मी गेले आणि कॉक बंद केला. म्हटलं, थांब ना यार, आपण दोघं मिळून बघू कसं चालतं, पुस्तिका आहे आत. तो काही वाईट नाही मॅडम, घाबरलेला होता. तयार पण झाला असता. पण त्यांचा सुपरवायझर आला वर."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, धुणाऱ्यांनी धुवावं. मला टेरेसवरून खाली पाठवलं. आता तिसऱ्या मजल्यावर फिल्टर धुतेय."

मी विचारलं, मी येऊ का तिथे, बोलू का कोणाशी. तिच्या मागे नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

"नको मॅडम," ती म्हणाली. "इथे पाण्याचाच आवाज येतो. वर काय सोडतायत ते कळत नाही."